गावची पुस्तकं : अमेरिकेच्या उपनगरात अभिजात साहित्य वाचताना

रानजाई

अमेरिकेतल्या उपनगरांत राहणारे इथे पुष्कळ जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. "आमच्याकडे काही घडत नाही हो, घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, शनिवारी मुलांचे क्लास" हे मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकते. वाचनाचा विषय निघाला की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काही जण भारतातून बॅगेचं वजन सांभाळत आणलेली पुस्तकंच पुन्हा पुन्हा वाचतात. काही जण म्हणतात, वाचन सुटलं ते सुटलंच. मला दोघांनाही एकच सांगायचंय. ज्या गावात घर घेतलंत, जिथे कर भरता, मुलं शाळेत घातलीत, त्या गावची जुनी, मोठी पुस्तकं वाचायला घ्या. ती आता आपलीसुद्धा आहेत.

मी बोस्टनच्या पश्चिमेला राहते. कामाला जाताना फिचबर्ग लाइनची गाडी धरते. कॉन्कर्ड सोडून गाडी लिंकनकडे निघाली की झाडांमधून एक तळं दिसतं. ते वॉल्डनचं तळं. 'वॉल्डन' या पुस्तकाचा अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ ला त्याच्या काठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने राहिला. ही रेल्वे तेव्हाही होती. १८४४ मध्ये ती कॉन्कर्डला पोहोचली होती आणि झोपडीपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर रूळ तळ्याला लागत होते. गावात जायला तो रुळांच्या बांधावरूनच चालत जायचा. झोपडीच्या फळ्यासुद्धा त्यानं रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मिळवल्या. 'वॉल्डन' म्हणजे जग सोडून जंगलात गेलेल्या माणसाचं पुस्तक, असं आपल्याला सांगितलेलं असतं. वाचायला लागल्यावर दिसतं ते वेगळंच. त्याचं गाव शहराला नुकतंच जोडलं गेलं होतं, बाजारभाव, बातम्या, घाई हे सगळं रुळांवरून आत येत होतं, आणि या घाईत माणसानं कसं जगावं हा त्याचा प्रश्न होता. गाडीत बसून वाचताना तो मला माझाच प्रश्न वाटतो.

पहिलंच प्रकरण खर्चाचं आहे, आणि तिथेच बरेच जण पुस्तक खाली ठेवतात. ठेवू नका. झोपडीला लागलेले २८ डॉलर साडेबारा सेंट तो बाबवार मांडतो. काचेसकट दोन जुन्या खिडक्या २ डॉलर ४३ सेंट, हजार जुन्या विटा ४ डॉलर, खडू १ सेंट. मग तो शेजारच्या शेतकऱ्यांकडे वळतो. शेताचे खरे मालक व्हायला हे लोक वीस, तीस, चाळीस वर्षं राबतात, आणि शेवटी माणसाला घर मिळालं की घरानंच माणसाला धरलं, असं तो विचारतो. आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यावर तीस वर्षांचं मॉर्गेज आहे? मी ती पानं नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. त्या रात्री आम्ही घराबद्दल जितकं मोकळं बोललो, तितकं घर घेतानाही बोललो नव्हतो.

बर्फाचा प्रसंग तर मराठी वाचकानं वाचायलाच हवा. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभरेक आयरिश मजूर तळ्यावर येऊन बर्फाच्या लाद्या कापत होते. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा बर्फाचा मोठा व्यापारी. त्याचा बर्फ १८३३ मध्ये जहाजानं कलकत्त्याला पोहोचला होता, पुढे मद्रास आणि मुंबईलाही जाऊ लागला. थोरो हे सगळं बघतो आणि लिहितो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे उकाड्यानं हैराण झालेले लोक आता माझ्या विहिरीचं पाणी पिणार. लगेच पुढे तो गीतेवर येतो. रोज सकाळी तो आपल्या बुद्धीला भगवद्गीतेत स्नान घालतो, आणि वॉल्डनचं निर्मळ पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतं. त्या काळी इंग्रजीत असलेली गीता म्हणजे चार्ल्स विल्किन्सचं १७८५ सालचं भाषांतर. मुंबई हे नाव त्या पानावर आलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

पुस्तकात 'वाचन' याच विषयावर एक प्रकरण आहे. तो सांगतो की उन्हाळाभर होमरचं 'इलियड' माझ्या मेजावर होतं, पण पान उघडायचो ते अधूनमधून, कारण घर पुरं करायचं होतं आणि घेवड्याची खुरपणी चालू होती. घरात लहान मुलं असणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. पुस्तक मेजावर असू द्या, दोन पानं झाली तरी ती झाली. त्याच प्रकरणात तो गावावर चिडतो. शाळा सुटली की शिक्षण संपलं असं का? गावंच विद्यापीठं व्हायला हवीत, त्यासाठी गावानं पैसा काढायला हवा. 'वॉल्डन' छापून आलं १८५४ मध्ये. त्याच वर्षी बोस्टनची सार्वजनिक लायब्ररी लोकांना खुली झाली. कॉन्कर्डची लायब्ररी १८७३ ची. थोरो १८६२ मध्येच गेला, पण त्यानं केलेल्या जमीनमोजणीचे नकाशे आज त्या लायब्ररीत जपलेले आहेत. आज माझ्या गावच्या कार्डावर मिनिटमन या लायब्रऱ्यांच्या नेटवर्कमधल्या कुठल्याही गावचं पुस्तक मागवता येतं आणि ते चार-पाच दिवसांत आपल्या लायब्ररीत येऊन पडतं. ज्यासाठी तो चिडला होता ते आपल्याला फुकट मिळतंय, आणि आपण तिथे फक्त मुलांच्या स्टोरीटाइमला जातो.

तुम्ही कुठे राहता, तिथलं काय वाचलंत, कसं वाचलंत, सविस्तर लिहा.


शब्दवेडा

फार मनापासून लिहिलंय. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद केलाय, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. इंग्रजी जड जात असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. मराठीत थोरो आणायला दुर्गाबाईंइतकं योग्य माणूस सापडलं नसतं. झाडापानांवरचं प्रेम दोघांत सारखं, आणि दुसरीही एक गोष्ट सारखी. थोरो १८४६ मध्ये कर भरायला नकार देऊन एक रात्र कॉन्कर्डच्या तुरुंगात राहिला, कारण तो कर गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या सरकारकडे जात होता. दुर्गाबाई १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. थोरोचा त्या रात्रीवरचा निबंध गांधीजींनीही वाचला होता. रानजाई, तुमच्या गाडीच्या खिडकीतून दिसणारं तळं आमच्यापासून वाटतं तितकं लांब नाही.


कोरेगावची_माई

मी मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. टाइप करायला नातू मदत करतोय. इथे गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात अडकतं. आम्हा आलेल्या आईवडिलांचं हेच दुःख आहे आणि ते कोणी बोलत नाही. पोरं कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर माणूस नाही. मुलीनं शब्दवेडांनी सांगितलेलं दुर्गाबाईंचंच पुस्तक आणून दिलं.

मला त्यातलं घेवड्याचं प्रकरण सगळ्यांत आवडलं. आमच्या कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा होतो, त्यामुळे मी ते शेतकऱ्याच्या नजरेनं वाचलं. थोरोनं अडीच एकरभर जमीन केली, त्यात मुख्य घेवडाच. सरी तीन फुटांची, दोन रोपांत दीड फूट. पेरा जूनच्या सुरुवातीला, आमचाही जूनमध्येच असतो. खत घातलं नाही. आम्ही असं करणार नाही. रानडुकराच्या जागी त्याला वुडचक नावाचा प्राणी, त्यानं पाव एकर खाऊन टाकला. सगळ्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर सात मैल भरतात असं तो लिहितो, आणि पहाटे दवात अनवाणी उभा राहून खुरपं चालवतो. खुरपताना जमिनीतून जुन्या लोकांचे दगडी बाण निघतात, तेव्हा तो थांबून त्या लोकांचा विचार करतो. आमच्या रानातही जुनं खापर निघायचं, आम्ही ते बांधावर टाकून पुढे जायचो. शेवटी हिशेब मांडून नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. ज्यानं स्वतः खुरपं धरलंय तोच असं लिहू शकतो, हे मी खात्रीनं सांगते.

रविवारी जावयांनी तळ्यावर नेलं. झोपडीच्या जागी आता ग्रॅनाइटचे खांब रोवलेत आणि शेजारी दगडांची रास आहे, येणारा माणूस एक दगड ठेवतो. ही चाल १८७२ पासूनची आहे असं कळलं. मीही ठेवला. तेव्हापासून दुपार मोठी वाटत नाही, कारण माझ्याकडे आता वाचायला काहीतरी आहे आणि विचार करायलाही.


फ्रिस्कोवाला

रानजाई, माईंचं वाचून फार बरं वाटलं. पण तुमच्या म्हणण्याला माझा आक्षेप आहे आणि तो स्पष्ट मांडतो. तुमच्या गावात थोरो आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. माझं घर जिथे आहे तिथे माझ्या शेजाऱ्याच्या लहानपणी गुरं चरत होती. सगळी घरं एका नकाशावरची, एका वयाची. इथे कोणी लेखक राहिला नाही, कोणतीही कादंबरी इथे घडत नाही. मग आमच्यासारख्यांनी गावचं काय वाचायचं?

मी काय केलं ते सांगतो. टोलवेवर रोज जाऊन येऊन दीड-दोन तास जातात. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली जुनी पुस्तकं फुकट ऐकता येतात. तिथे जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' लावली. १८७१-७२ ची कादंबरी, घडते १८३० च्या आसपास, इंग्लंडमधल्या एका मधल्या आकाराच्या गावात. आमच्या टेक्सासशी काडीचा संबंध नाही. पण डॉक्टर लिडगेट जसजसा पुढे येत गेला तसतसा मला टोलवेवर घाम फुटत गेला.

हा पॅरिसला शिकलेला सत्तावीस वर्षांचा हुशार डॉक्टर. शरीरातल्या पेशीजालाचं मूळ शोधायचं, तापाचं नवं रुग्णालय चालवायचं, अशी मोठी स्वप्नं. लग्न ठरतं. चांगल्या घरात चांगलंच सामान हवं, हे त्याला इतकं स्वाभाविक वाटतं की तो त्याचा विचारच करत नाही. दुसऱ्या गावी गेला असताना एक महागडा डिनर सेट दिसतो, घेऊन टाकतो. फर्निचर उधारीवर. तेव्हा काहीच बिघडत नाही. बिघडतं दोन वर्षांनी, जेव्हा चांदीचं सामान परत करायची वेळ येते, घरातल्या वस्तूंची यादी होते, बायको रोझमंड त्याच्या पाठीमागे परस्पर पत्र लिहिते, आणि हा माणूस शेवटी एका संशयास्पद सावकाराचे हजार पौंड घेतो. कुठेही खलनायक नाही. एकेक बिल आहे. पुढे तो श्रीमंत रोग्यांचा डॉक्टर होतो, गाउटवर पुस्तक लिहितो आणि पन्नाशीत मरतो. संशोधन राहतं ते राहतंच.

आमच्या रस्त्यावर किती लिडगेट आहेत ते मला माहीत आहे. पीएचडीला आलेले, काहीतरी शोधायला आलेले, आणि आता मोठं घर, दोन गाड्या, कॉलेजचा फंड यात पुरते बांधले गेलेले. मी स्वतः त्यांच्यात आहे. त्यामुळे मला वाटतं, अभिजात पुस्तकाला गाव लागत नाही.


रानजाई

फ्रिस्कोवाला, लिडगेटबद्दल जे लिहिलंत ते मी जपून ठेवणार आहे. 'मिडलमार्च' तुमची झाली यात शंकाच नाही. तरीही मी माझा मुद्दा सोडत नाही, कारण टेक्सासलाही जुनं लेखन आहे आणि ते तुमच्यापर्यंत कोणी आणलेलं नाही. कॅथरीन ॲन पोर्टर टेक्सासची, जन्म १८९० चा. तिची 'नून वाइन' ही दीर्घकथा १९३७ ची. दक्षिण टेक्सासमधल्या एका छोट्या डेअरीवर ती घडते, १८९६ ते १९०५. एक दिवस नॉर्थ डकोटाहून एक स्वीडिश माणूस काम मागायला येतो. कोणाशी बोलत नाही, कामात चूक नाही, रिकाम्या वेळात माउथऑर्गन वाजवतो, एकच धून. त्याच्या कष्टावर डेअरी सुधारते, मालकाची कर्जं फिटतात. घरात सगळ्यांना तो हवा असतो, आणि इतक्या वर्षांत तो कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. मग एक परका माणूस त्याला शोधत येतो. पुढचं मी सांगणार नाही.

बाहेरून कामाला आलेला, शांत, कुशल, उपयोगी माणूस, आणि त्याला ओळखायची गरज न वाटलेलं घर. ही गोष्ट तुमच्याच राज्यात घडते. तुमचं घर ज्या कुरणावर उभं आहे ते कसं होतं, तिथे कोण राबलं, हे त्या साठेक पानांतून कळेल. वाचून नक्की लिहा.


जर्सीची_जुई

न्यू जर्सीकरांनी इथे यायलाच हवं. आमच्याकडे ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारापलीकडे काही बघायला नाही असं म्हणणाऱ्यांना मी रदरफर्डला नेते. विल्यम कार्लोस विल्यम्स तिथे जन्मला १८८३ मध्ये, तिथेच त्यानं जवळपास चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, ९ रिज रोडवर, आणि १९६३ मध्ये तिथेच गेला. मुलांचा डॉक्टर, बाळंतपणं करणारा, घरोघरी व्हिजिटला जाणारा. दोन पेशंटच्या मध्ये मिळेल त्या वेळात लिहायचा.

त्याची लाल ढकलगाडीची कविता सगळ्यांना माहीत असते. १९२३ ची, सोळा शब्दांची. पावसानं ओली झालेली लाल ढकलगाडी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, आणि त्यावर किती काय अवलंबून आहे, इतकंच. आम्ही ती कॉलेजात प्रतिमावादाचा नमुना म्हणून शिकलो आणि विसरलो. इथे आल्यावर कळलं की ती गाडी थॅडियस मार्शल नावाच्या एका कृष्णवर्णीय भाजीविक्याच्या अंगणातली होती, रदरफर्डमध्येच, डॉक्टरच्या घरापासून थोड्याच अंतरावर. त्याचं नाव कित्येक दशकं कोणाला माहीत नव्हतं, अलीकडे संशोधकांनी शोधून काढलं आणि २०१५ मध्ये त्याच्या थडग्यावर दगड बसवला गेला. एका माणसाचं पोट त्या ढकलगाडीवर होतं हे कळल्यावर ती कविता पूर्वीसारखी वाचताच येत नाही. माझे आजोबा हातगाडीवर भाजी विकत. कोणीतरी इतकं नीट बघितलं याबद्दल मला त्या डॉक्टरविषयी कृतज्ञता वाटते.

पॅटरसनचा धबधबाही बघा. ७७ फूट. त्या शहरावर विल्यम्सनं एक अख्खं दीर्घकाव्य लिहिलं, पाच भाग, १९४६ ते १९५८. सगळं कळत नाही, मलाही कळलेलं नाही. धबधब्याची पानं तिथे उभं राहून वाचा, निदान तेवढी तरी कळतात.


निःशब्द_रात्र

हा धागा कालपासून वाचतोय. न्यूयॉर्कच्या उत्तरेला वेस्टचेस्टरमध्ये राहतो. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवसांची मुदत असते हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, ते दिवस कसे असतात हे ज्याच्यावर येतात त्यालाच कळतं. शेजाऱ्यांना सांगितलं नव्हतं. सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन लायब्ररीत जायचो.

तिथे जॉन चीव्हरच्या कथा हाती लागल्या. तो याच भागातला, ऑसिनिंगचा. 'द स्विमर' ही त्याची कथा १९६४ ची. उन्हाळ्यातल्या एका रविवारी एक सुखवस्तू माणूस मित्राच्या पूलच्या काठी बसलेला असतो आणि त्याच्या मनात येतं की आठ मैलांवरच्या आपल्या घरी पोहत जावं. सगळ्या परसांतले पूल जोडले तर एक नदी होते. त्या नदीला तो बायकोचं नाव देतो. पहिल्या घरांत त्याचं स्वागत होतं, हातात ग्लास दिला जातो. मग हळूहळू यजमानांच्या बोलण्यात काहीतरी बदलतं. कोणीतरी सहानुभूतीनं विचारतं, आणि त्याला कळत नाही ते कशाबद्दल विचारतायत. पाणी गार होत जातं, झाडांची पानं पिवळी दिसायला लागतात.

शेवट सांगत नाही. मी ती कथा त्या आठवड्यांत रोज वाचत होतो. उपनगरात आपली जागा पगारावर किती टिकलेली असते, आणि शेजारी ते आपल्या आधी कसे ओळखतात, हे मला दुसऱ्या कोणी इतकं खरं सांगितलं नाही. त्यानंतर मी शेजारच्या घरी जाऊन सांगून टाकलं. त्या बाईंनीच पुढे एका ओळखीच्या ठिकाणी माझं नाव दिलं. आता पुन्हा कामावर आहे. कोणी आज त्या ६० दिवसांत असेल तर एवढंच म्हणतो की घरात बसू नका, लायब्ररीत जा, आणि कोणाला तरी सांगा.


माई_साताऱ्याच्या_लेक

निःशब्द, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. मी कोरेगावच्या माईंची मुलगी. आम्हीही त्यातून गेलोय. आई हे वाचून दिवसभर तुमच्याबद्दल विचारत होती, सगळं नीट आहे ना म्हणून.


नेपरविलकर

इथे एक गोष्ट बोलली गेली नाही आणि ती बोलायलाच हवी. ही उपनगरं आपल्यासारख्यांसाठी बांधलेली नव्हती. लाँग आयलंडवरचं लेव्हिटाउन १९४७ पासून उभं राहिलं, सतरा हजारांवर घरं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना परवडतील अशी, आणि सुरुवातीच्या करारातच अट होती की गोऱ्यांखेरीज कोणी तिथे राहायचं नाही. अशा अटी कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९४८ मध्ये दिला, तरी व्यवहार पुढे तसाच चालू राहिला. घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्ध कायदा आला १९६८ मध्ये. आपल्याला या देशाचं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, आणि तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातला. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यामुळे आपण आज उपनगरातल्या कल-डी-सॅकवर, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या शांत गल्लीत, राहतो.

म्हणून माझं पुस्तक लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन', १९५९ चं नाटक. शिकागोच्या दक्षिण भागातलं एक कृष्णवर्णीय कुटुंब, वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर, आणि आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीतल्या घराचा इसार देते. मग त्या वस्तीच्या 'सुधारणा समिती'कडून एक गृहस्थ येतात. अतिशय सभ्य, आवाज चढत नाही, मधूनमधून अडखळतात. तुम्ही येऊ नये म्हणून आम्ही तुम्हाला जास्त पैसे देतो, असा प्रस्ताव मांडतात. हॅन्सबेरीला हे घरातूनच माहीत होतं. तिच्या वडिलांनी शिकागोत असंच घर घेतलं आणि ती लढाई १९४० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेली.

आम्ही पाच कुटुंबांनी हे एका घरी बसून वाचलं, मंडळात नाट्यवाचन करतो तसंच. आगरकरांच्या 'हॅम्लेट'पासून, देवलांच्या 'झुंझारराव'पासून परदेशी नाटक आपलं करून घ्यायची आपल्याला सवय आहे, इथे तर आम्ही त्या नाटकाच्याच शहराच्या उपनगरात राहतो. त्या सभ्य गृहस्थांची भूमिका माझ्याकडे आली होती. ती वाक्यं आपल्या तोंडून निघताना फार त्रास होतो. वाचून झाल्यावर एका मुलीनं, अकरावीतली आहे, विचारलं की आपल्या एचओएनं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेनं, कोणाला असं केलं तर आपण काय करू. त्यावर रात्री साडेबारापर्यंत बोलणं चाललं. मला वाटतं अभिजात वाचनाचं खरं ठिकाण हेच आहे, चार माणसं आणि मोठा आवाज. एकट्यानं वाचून मी इथवर पोहोचलो नसतो.


तुकयाबंधू

सगळं वाचलं, चांगलं वाटलं. पण इथे आपली मुलं मराठी अक्षर ओळखत नाहीत आणि आपण थोरो आणि इलियट वाचायचं म्हणतोय. तोच वेळ गाथेला, ज्ञानेश्वरीला का देऊ नये? तिथल्यांचं वाचायला तिथले आहेत. आपलं आपण नाही वाचलं तर कोण वाचणार?


रानजाई

तुकयाबंधू, तुमची तळमळ मला पूर्ण समजते, आमच्या घरीही संध्याकाळी हरिपाठ होतो. पण थोरोची एक हकिकत ऐका. १८५५ मध्ये त्याच्या एका इंग्रज मित्रानं त्याला पेटीभर पुस्तकं पाठवली, ४४ खंड, बहुतेक सगळी भारतीय, त्यांत उपनिषदं, विष्णुपुराण. त्या माणसानं नदीत वाहून आलेली लाकडं गोळा करून त्या पुस्तकांसाठी स्वतः कपाट केलं. कॉन्कर्डमध्ये गीता वाचायला दुसरे लोक आहेत असं तो म्हणाला नाही. आपणही गाथेशेजारी त्याला जागा देऊ. माझ्या मुलाला देवनागरीची गोडी लागली ती माईंसारख्या एका आजींनी त्याला दुर्गाबाईंचं पान वाचून दाखवलं तेव्हा, कारण त्यातलं तळं त्याच्या पोहण्याचं तळं होतं.

नेपरविलकर, मोठ्या आवाजाचं तुमचं म्हणणं मला पटलं. आपण इथे तेच करूया का? 'मिडलमार्च' मुळात आठ भागांत आली, सुरुवातीचे भाग दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं. त्या काळचे वाचक थांबत होते, बोलत होते, पुढे काय होईल यावर वाद घालत होते. त्याच चालीनं वाचू. फ्रिस्कोवाला, सुरुवात तुम्ही करून द्याल?


फ्रिस्कोवाला

देतो. 'नून वाइन' लायब्ररीत होल्डवर टाकली आहे, तीही वाचतो.

'मिडलमार्च'चा पहिला भाग 'मिस ब्रूक', प्रास्ताविक आणि बारा प्रकरणं. प्रोजेक्ट गटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट आहे, ऐकणाऱ्यांना लिब्रिव्हॉक्स. पहिल्या दहा प्रकरणांत डोरोथिया त्या म्हाताऱ्या पंडिताशी लग्न का करते याचा राग येईल, तो इथे लिहा, गिळू नका. लिडगेट दहाव्या प्रकरणात येतो, तोवर धीर धरा. दोन महिने हातात आहेत. माई, तुमची परतीची तारीख त्याआधी असेल तर साताऱ्याहून लिहा.


कोरेगावची_माई

तारीख त्याआधीच आहे. नातवाला सांगितलंय, मला रोज फोनवर एक प्रकरण मराठीत सांगायचं. त्याचं मराठी सुधारेल आणि मलाही गोष्ट कळेल. पहिलं उद्यापासूनच.